जाझ, ज्यू संगीतकार आणि मुंबई

अमेरिकन जाझमधील ज्यू संगीतकारांचा विचार करताना जॉर्ज गर्श्विन व बेनी गुडमन ही नावे प्रथम पुढे येतात. गर्श्विन यांची 'ऱ्हॅप्सडी इन ब्लू' १९२४ साली न्यूयॉर्क येथे सादर झाली. गुडमन यांनी टेडी विल्सन व लायनेल हॅम्प्टन या कृष्णवर्णीय वादकांना आपल्यासह रंगमंचावर बसविले आणि १९३८ च्या जानेवारीत कार्नेगी हॉल गाठला. मात्र त्यांच्या वाद्यवृंदाच्या कीर्तीचा मोठा आधार फ्लेचर हेंडरसन या कृष्णवर्णीय संगीतकाराच्या वाद्यरचना हा होता, हेही विसरता येत नाही. मध्यस्थाचे श्रेय मान्य करताना मूळ निर्मात्याचे श्रेय झाकले जाऊ नये, हा प्रश्न तेव्हापासून या इतिहासाला चिकटलेला आहे.

हाच प्रश्न मुंबईस लावून पाहिला असता चित्र निराळे दिसते. १९३५ साली लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलात आला. पुढे टेडी वेदरफर्ड आले. त्यांच्याकडून जाझ उचलले ते प्रामुख्याने गोमंतकीय ख्रिस्ती वादकांनी. चर्चच्या शाळांतून त्यांना स्वरलेखनाचे शिक्षण मिळालेले होते. हळदोण्याचे चिक चॉकलेट यांनी ही विद्या सी. रामचंद्र यांच्या चित्रपटसंगीतापर्यंत नेली. अमेरिकेत ज्यू संगीतकारांनी जी भूमिका बजावली, ती येथे गोमंतकीयांनी बजावली असे म्हणावयास हरकत नाही.

मग मुंबईच्या ज्यूंचे काय? येथील बेने इस्राएल हे मराठी भाषिक. कोकणात तेल गाळण्याचा व्यवसाय आणि शनिवारची विश्रांती यांमुळे लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांनी हिंदू कीर्तनाचा घाट स्वीकारून अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने साकी-दिंडीत रचिली. बेंजामिन शिमशोन अष्टमकर यांचे नाव या उपक्रमाशी निगडित आहे. शेजाऱ्याचा संगीतप्रकार घेऊन त्यात आपली कथा सांगावयाची, हा व्यवहार गर्श्विन यांच्याही आधीचा आहे. आणि त्यात कोणाचे श्रेय हिरावले गेले नाही, कारण तो घाट उघडपणे कीर्तनच म्हणवीत राहिला.

दुसरा प्रवाह निर्वासितांचा. कार्ल्सबाड येथे १९०७ साली जन्मलेले वॉल्टर काउफमान हिटलरच्या उदयानंतर, १९३४ मध्ये मुंबईत आले. हिंदुस्थानी संगीत प्रथम त्यांना अगम्य वाटले. तरीही ज्या संगीतावर इतके लोक प्रेम करतात त्यात काही अर्थ असलाच पाहिजे, या विचाराने ते शिकत राहिले. मेहली मेहता (व्हायोलिन) व एडिजिओ वेर्गा (चेलो) यांच्यासह त्यांनी बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी चालविली आणि आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताची जबाबदारी सांभाळली. आकाशवाणीची परिचयधून सामान्यतः त्यांच्याच नावावर नोंदली जाते. तंबोऱ्याच्या षड्जावर व्हायोलिनने छेडलेली, शिवरंजनीच्या छायेची ही धून जाझ नव्हे. परंतु गुडमन यांच्या कोणत्याही ध्वनिमुद्रिकेपेक्षा ती भारतात अधिक कानांपर्यंत पोहोचली असेल. तिच्या कर्त्याचे नाव मात्र फारच थोड्यांना ठाऊक असते.

काउफमान यांनी १९४६ मध्ये मुंबई सोडली. विनिपेगच्या वाद्यवृंदाचे संचालन केल्यानंतर १९५७ पासून ते इंडियाना विद्यापीठात होते. उत्तर भारतीय रागांवरील त्यांचा ग्रंथ १९६८ साली तेथूनच बाहेर पडला.