‘एर’ आणि ‘मोअर’ यांचे कूळ

दिल्लीच्या मुखर्जीनगरात स्टाफ सिलेक्शनच्या परीक्षेची तयारी करणारी मुले एक नियम घोकतात : ‘सीनिअर’, ‘ज्युनिअर’, ‘सुपीरिअर’ यांच्यापुढे ‘दॅन’ नव्हे, ‘टू’ येतो. त्यामागचे कारण इतिहासात आहे. हे शब्द म्हणजे लॅटिनमधली तयार तुलनारूपे. इंग्रजीने ती आयती घेतली, म्हणून ‘एर’ आणि ‘दॅन’ यांची घरची जोडी त्यांना लागू होत नाही.

तरीही लॅटिनचा ‘इओर’, इंग्रजीचा ‘एर’ आणि ‘गरीयस्’, ‘लघीयस्’मधला संस्कृत ‘ईयस्’ हे एकाच कुळातले. इंग्रजीच्या पूर्वज भाषांत मूळ ‘स’चा ‘झ’ आणि पुढे ‘र’ झाला. प्रत्ययातल्या जुन्या ‘इ’ने आधीचा स्वरही ओढला; ‘ओल्ड’चे ‘एल्डर’ ही त्याची शिल्लक खूण. ‘एस्ट’चे नाते तर उघड दिसते : ज्येष्ठ, कनिष्ठ, श्रेष्ठ यांतला ‘इष्ठ’ तोच. ‘स्वादिष्ठ’ आणि ‘स्वीटेस्ट’ मूळ आणि प्रत्यय दोन्हींकडून सख्खे.

‘गुड’चे ‘बेटर’ का होते, असे मुले विचारतात. संस्कृतातही ‘प्रशस्य’चे ‘श्रेयस्’, ‘श्रेष्ठ’ होते आणि त्याची सोय पाणिनीने अष्टाध्यायीच्या पाचव्या अध्यायात केली आहे.

‘मोअर’ लावण्याची रीत मध्ययुगात रुळली. 1066मध्ये फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यानंतर फ्रेंचमधून लांबलचक शब्द आले आणि त्यांना ‘एर’पेक्षा ‘मोअर’ सोयीचा पडला. ‘ली’ जोडलेल्या क्रियाविशेषणांनीही तोच धरला. ‘फास्ट’, ‘हार्ड’ यांना ‘ली’ लागत नाही, म्हणून ती ‘एर’वरच राहिली. शेक्सपिअरच्या काळी ‘मोअर’ आणि ‘एर’ एकत्रही चालत. रॉबर्ट लोथच्या 1762च्या व्याकरणाने आणि त्याच्या वारसदारांनी ती दुहेरी रूपे चूक ठरवली. ‘मोअर बेटर’ लिहिणाऱ्याचे गुण आज त्याच निवाड्याने कापले जातात.

हे नियम आपल्या मुलांपर्यंत पोचवले ते रेन आणि मार्टिन यांच्या पुस्तकाने. 1930च्या दशकात मुंबईच्या के. अँड जे. कूपरकडून निघालेले हे व्याकरण आज दिल्लीची एस. चंद कंपनी छापते. त्यात नियम चोख आहेत, पण त्यांची वंशावळ नाही. ती शिकवायला एक तास पुरतो. ‘ज्येष्ठ’ आणि ‘एल्डेस्ट’ फळ्यावर शेजारी लिहिले, तर मराठी मुलाला कळेल की ज्याला तो परका नियम समजून घोकतो, त्याची अर्धी सामग्री त्याच्या बोलण्यात आधीपासून आहे.