पुणे–सोलापूर मार्गावरील पाठाळ बैल

दख्खनमधील मालवाहतुकीच्या इतिहासात गाडी ही प्रगतीची व ओझ्याचा बैल ही मागासलेपणाची खूण मानण्याची प्रथा आहे. पूर्वीच्या भीमथडी तालुक्यातील यवत, पाटस ह्या पट्ट्यापुरते पाहिले तरी ती तपासून घ्यावी लागते.

लमाण व वणजारी ह्यांच्या तांड्यातील पाठाळ बैलास सडक लागत नसे. पाठीच्या दोन्ही अंगांस समतोल गोणी टाकून तो नाल्याच्या उतारावरून किंवा घाटाच्या पाऊलवाटेने सारखाच जाई. वाटेवरच्या चराईवर त्याचे पोट भरे. त्यामुळे चाऱ्याचा खर्च जवळजवळ नसे. मुक्कामी उतरलेल्या गोणी रचून त्यांचाच आडोसा करीत. कोकणचे मीठ वर व देशावरचे धान्य खाली, अशी ही ये-जा असे. जकातीची आकारणीही पुष्कळदा बैलाच्या ओझ्यावर होई. इ. स. १८०३ च्या मराठ्यांवरील मोहिमेत आर्थर वेलस्लीच्या फौजेची रसद ह्याच तांड्यांवर अवलंबून होती. तेव्हा हे साधन दुबळे होते असे म्हणवत नाही.

त्याचे वर्म निराळेच होते. जी चराई त्यास स्वस्त ठेवी, तीच अवर्षणात नाहीशी होई. म्हणजे धान्याची निकड सर्वांत अधिक, नेमक्या त्याच वेळी तांडा अडे. पर्जन्यछायेतील ह्या मुलखात ही गोष्ट क्षुल्लक नव्हे.

जुन्या गाड्या शेतातल्या कामापुरत्याच होत्या. काहींची चाके अखंड दगडाची असत व त्या ओढण्यास अनेक बैल लागत. इ. स. १८३० मध्ये माल्कमच्या कारकीर्दीत बोरघाटाची सडक चाकांस खुली झाली, आणि १८३५–३६ च्या इंदापूर पाहणीच्या सुमारास लेफ्टनंट गेसफर्डने टेंभुर्णीस हलक्या गाड्यांचा कारखाना काढला. तथापि गाडीचे राज्य अल्पकाळच टिकले: १८५८ मध्ये आगगाडी पुण्याहून दिक्सळपर्यंत व १८६० मध्ये सोलापुरास पोहोचली. लांबच्या पल्ल्याचा माल रुळांवर गेला. गाडी मात्र स्टेशनापर्यंतच्या फेऱ्यांवर तगली. कुणब्यास ती शेतातही उपयोगी होती. तांड्यास असा दुसरा आधार नव्हता. बैल विकून कोणी शेतीत, कोणी मजुरीत शिरला. इ. स. १८७६–७७ च्या दुष्काळात धान्य आगगाडीने आले, ही गोष्ट तिच्या बाजूने नोंदवलीच पाहिजे. पण तांडे मोडले ते गाडीमुळे नव्हे, रुळांमुळे.

यवतेस आजही आषाढी वारीत तुकोबांच्या पालखीचा मुक्काम पडतो. तिचा रथ बैलच ओढतात. पाठीवर गोणी वाहणारा बैल मात्र ह्या वाटेवरून नाहीसा झाला आहे.