आपला बेंजो मुळात जपानी आहे: एका वाद्याचा इतिहास कसा शोधायचा?

गणपतीच्या मिरवणुकीत महाद्वार रोडला तुम्ही 'बेंजो पार्टी' ऐकली असेलच. ढोल-ताशाच्या वर जो धारदार, तारेचा आवाज गाण्याची चाल धरतो, तो बेंजोचा. आता हाच शब्द इंग्रजीत टाकून इंटरनेटवर शोधा. समोर येईल अमेरिकेतलं गोल, कातडं ताणलेलं, लांब मानेचं वाद्य. आपल्याकडचा बेंजो म्हणजे लाकडी पेटी, वर तारा आणि टाइपरायटरसारखी बटणं. दोन्हींचा नात्याने काही संबंध नाही.

संशोधनाची तयारी करणाऱ्यांसाठी पहिला धडा इथेच आहे: नावावरून वस्तूचा इतिहास लिहू नका. आधी वस्तूची रचना बघा.

नागोया, 1912

रचनेच्या मागावर गेलं की आपण थेट जपानमधल्या नागोया शहरात पोचतो. तिथल्या मोरिता गोरो या वादकाने 1912 मध्ये दोन तारांच्या पारंपरिक वाद्याला टाइपरायटरच्या बटणांची कल्पना जोडली. त्याच वर्षी जपानमध्ये तैशो सम्राटाचा काळ सुरू झाला (तो 1926 पर्यंत चालला), म्हणून वाद्याचं नाव 'तैशोगोतो', म्हणजे तैशो काळातलं कोतो. स्वस्त, सुटसुटीत आणि शिकायला सोपं असल्यामुळे ते घराघरांत गेलं आणि पुढे बोटींतून परदेशीही.

भारतात ते 'बुलबुल तरंग' झालं, कुठे 'जपानी बेंजो', आणि आपल्याकडे नुसतं 'बेंजो'. बलुचिस्तानात त्याचं 'बेंजू' झालं, आकारही वाढला. तिथल्या नूर बख्श यांचं बेंजूवादन अलीकडे जगभर ऐकलं गेलं. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर ते तारब संगीतात शिरलं. बघा, 'जपानी' हे विशेषण काही ठिकाणी नावात टिकून राहिलं. असा जुना शब्द म्हणजे पुरावाच असतो, तो वहीत टिपून ठेवायचा.

बटणामागचं भौतिकशास्त्र

बटण दाबलं की तार खालच्या पट्टीवर टेकते आणि तिची कंप पावणारी लांबी कमी होते. लांबी कमी, तर कंप्रता जास्त. दर अर्ध्या स्वराला कंप्रता साधारण 1.0595 पटीने वाढते. समजा तार 60 सेंमी आहे. पहिली पट्टी 3.37 सेंमीवर येईल, त्यापुढची आणखी 3.18 सेंमीवर, आणि बारावी बरोबर मध्यावर, 30 सेंमीला. म्हणजे पट्ट्या पुढे पुढे दाट होत जातात. मोबाइलवर फोटो काढून, मापं घेऊन हे तुम्ही स्वतः तपासू शकता.

याची किंमतही आहे. स्वर बटणाला बांधलेले, त्यामुळे सतारीसारखी मींड काढणं अवघड. हार्मोनियमवर हाच आक्षेप होता. आकाशवाणीने 1940 मध्ये तिच्यावर बंदी घातली, ती 1971 नंतर सैल झाली. त्या वादावर भरपूर लिहिलं गेलं. बेंजोच्या वाट्याला एवढी चर्चाही आली नाही. तो मैफिलीत गेला नाही. वरातीत, मिरवणुकीत गेला, पिकअप लावून स्पीकरला जोडला गेला. 2016 मध्ये रवी जाधव यांनी 'बँजो' हा हिंदी चित्रपट काढला, तेव्हा कुठे नाव मोठ्या पडद्यावर आलं.

कान तयार करण्यासाठी

तुलनेसाठी जपानी वाद्यसंगीत ऐकाच. प्रत्येक प्रकारातलं एकेक सुचवतो:

- दरबारी गागाकू: 'एतेनराकू'. अतिशय संथ, घाई करू नका.
- एकल कोतो: 'रोकुदान'. सहा भाग, वेग हळूहळू वाढतो. विलंबित-द्रुत माहीत असलेल्या कानाला लगेच ओळख पटेल.
- कोतो आणि शाकुहाची बासरी: मिचिओ मियागी यांची 'हारु नो उमी' (1929).
- आधुनिक वाद्यवृंद: तोरु ताकेमित्सु यांची 'नोव्हेंबर स्टेप्स' (1967).
- चित्रपटसंगीत: र्‍युइची साकामोतो यांची 'मेरी ख्रिसमस, मिस्टर लॉरेन्स'ची धून (1983).
- भारत-जपान भेट: पंडित रविशंकर यांचा 'ईस्ट ग्रीट्स ईस्ट' (1978).

मग विषय कुठे आहे?

कोल्हापुरातच. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्या कारागिरांवर लिहिलं जातं आणि ते योग्यच आहे. पण बेंजोला बटणं कोण बसवतं, तारा कुठून येतात, पिकअप लावायची युक्ती कुणी कुणाला शिकवली, हे बहुतेक वादकांच्या आणि दुरुस्ती करणाऱ्यांच्या तोंडीच आहे. मिरवणुकीत डॉल्बी आली, पार्टीत कीबोर्ड आला, तसा बेंजोवाला मागे सरकला. जुनी पेटी भंगारात गेली की मोजमापंही गेली, आणि म्हातारा वादक गेला की नावंही.

म्हणून सुरुवात छोटी करा. एक वाद्य निवडा. तारा मोजा, पट्ट्यांची अंतरं घ्या, आत चिकटवलेलं लेबल असेल तर त्याचा फोटो काढा. मग वादकाची परवानगी घेऊन त्याची मुलाखत रेकॉर्ड करा आणि पहिला प्रश्न हाच विचारा: "तुमच्या उस्तादांच्या तोंडी या वाद्याचं नाव काय होतं?" उत्तर जसंच्या तसं, त्यांच्याच उच्चारात लिहून घ्या.