अपरांत

पळसदेवला उजनी धरणाचा फुगवटा पाहिला की समुद्राची आठवण होते. पण हे भीमेचं पाणी कोकणात उतरत नाही. भीमा भीमाशंकरला उगम पावते, तिथून कोकण कड्याखालीच आहे. तरी नदी पाठ फिरवून कृष्णेला मिळते आणि बंगालच्या उपसागराकडे जाते.

त्या कड्याखालच्या पट्टीचं जुनं नाव अपरांत. उगवतीकडे तोंड करून उभं राहिलं की समोरची दिशा ती पूर्व, म्हणजे पुढची. पाठीमागची ती अपर. अपर अधिक अंत, म्हणजे पश्चिमेचा शेवट. हे नाव मला फार सुंदर वाटतं, कारण त्यात भूगोल आहे आणि पाहणाऱ्याची जागाही. ते देशाच्या आतून पाहणाऱ्याने दिलेलं दिसतं. बंदरावरच्या माणसाला तिथूनच जग सुरू होतं. अशोकाच्या पाचव्या शिलालेखात अपरांताचा उल्लेख आहे, नाशिकला सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीच्या लेखातही. खुद्द अपरांतातल्या सोपाऱ्याला अशोकाच्या आठव्या लेखाचा तुकडा 1882 मध्ये भगवानलाल इंद्रजींना सापडला. पुढे बोलण्यात कोकण हेच नाव राहिलं. वैतरणा, उल्हास, सावित्री, वाशिष्ठी मात्र आजही त्याच अपर दिशेला वाहतात.