गोळी घेतली आणि अंगावर पित्त उठले : औषधांची अ‍ॅलर्जी ओळखा, नोंद ठेवा, नाव विचारा

आमच्या वस्तीत घरकाम करणाऱ्या एका ताईंना ताप आला, अंग दुखू लागले. जवळच्या दवाखान्यातून त्यांना कागदाच्या पुडीत सुट्ट्या गोळ्या मिळाल्या. संध्याकाळी अंगभर गांधी उठल्या. शेजारणींनी आमसुलाचे पाणी लावले, दुसऱ्या दिवशी सगळे बसले. "पित्त झालं होतं" म्हणून विषय संपला. महिन्याभराने पुन्हा अंगदुखी, दुसरा दवाखाना, पुन्हा पुडी. या वेळी ओठ सुजले, दम लागला. सरकारी रुग्णालयात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "कोणती गोळी घेतली होती?" उत्तर कोणाकडेच नव्हते. "पांढरी, गोल" एवढेच आम्ही सांगू शकलो.

ताई वाचल्या. पण त्या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक घरात असले पाहिजे, म्हणून ही माहिती एकत्र मांडत आहोत.

पित्त उठणे म्हणजे काय?

अंगावर उठणाऱ्या खाजऱ्या, फुगीर चट्ट्यांना आपण पित्त किंवा गांधी म्हणतो. वैद्यकीय भाषेत हा 'अर्टिकेरिया'. पोटातील आम्लपित्ताशी याचा संबंध नाही, त्यामुळे अ‍ॅसिडिटीची गोळी हा यावरचा उपाय नव्हे. त्वचेतील 'मास्ट' नावाच्या पेशी हिस्टामिन हे रसायन सोडतात. त्याने बारीक रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपतो, त्वचा फुगते आणि खाज सुटते. एक गांध साधारण २४ तासांच्या आत विरते, पण तोवर दुसरीकडे नवीन उठू शकते. हीच सूज त्वचेच्या खोल थरात आली की ओठ, पापण्या, जीभ सुजतात.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो. पुस्तकांतील छायाचित्रे बहुधा गोऱ्या त्वचेची असतात, म्हणून 'लाल चट्टे' असे वर्णन येते. सावळ्या किंवा काळ्या त्वचेवर लाली दिसतेच असे नाही. गांध त्वचेच्याच रंगाची किंवा थोडी गडद दिसते. म्हणून हात फिरवून उंचवटा लागतो का ते पाहा. "लाल दिसत नाही, म्हणजे काही नाही" असे कोणी म्हणाले तर ऐकून गप्प बसू नका.

औषधाशिवायही पित्त उठते. संसर्ग, एखादा अन्नपदार्थ, कीटकदंश, थंडी अशी अनेक कारणे असतात. लहान मुलांत तर तापाचा विषाणूच अनेकदा कारण असतो. म्हणून औषध आणि पित्त यांतील वेळेचे अंतर लिहून ठेवणे महत्त्वाचे.

कोणत्या औषधांनी त्रास होऊ शकतो?

- अँटिबायोटिक्स : पेनिसिलिन गटातील औषधे (उदा. अमॉक्सिसिलिन) आणि सल्फा गटातील को-ट्रायमॉक्साझोल.
- वेदनाशामके : आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिन. यांतील एकाने पित्त उठले तर त्याच गटातील दुसऱ्यानेही उठू शकते. पॅरासिटामॉल बहुतेकांना चालते, तरी डॉक्टरांना विचारूनच घ्यावे.
- रक्तदाबाची काही औषधे : एनालाप्रिल, रॅमिप्रिल. यांत गांधी न उठता फक्त ओठ-जीभ सुजू शकते आणि हा त्रास औषध सुरू झाल्यावर अनेक महिन्यांनीही येऊ शकतो. अ‍ॅलर्जीच्या नेहमीच्या गोळ्यांचा त्यावर फारसा उपयोग होत नाही.
- फिट्सची औषधे व अ‍ॅलोप्युरिनॉल : फेनिटॉइन, कार्बामाझेपिन आणि युरिक अ‍ॅसिडसाठीचे अ‍ॅलोप्युरिनॉल यांनी क्वचित, पण अतिशय गंभीर त्वचारोग होतो.

काहींना एखादी गोळी घेतली की दर वेळी त्याच जागी गोल, काळपट डाग उठतो. हाही औषधाचाच दुष्परिणाम असतो आणि तीच गोळी ओळखून बंद करणे हा त्यावरचा खरा उपाय.

दुष्परिणाम आणि अ‍ॅलर्जी एक नव्हे

अमॉक्सिसिलिनने जुलाब होणे, आयब्युप्रोफेनने पोटात जळजळणे, सेट्रिझिनने झोप येणे ही अ‍ॅलर्जी नाही. आपल्याकडे सगळ्यालाच "गोळी गरम पडली" म्हणतात. चुकीचा शिक्का बसला तर चांगले औषध आयुष्यभर टाळले जाते. अमेरिकेत सुमारे १० टक्के लोकांच्या नोंदीत पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी लिहिलेली असते. तपासणी केल्यावर त्यांतील ९० टक्क्यांहून अधिक लोकांना ते औषध सुरक्षितपणे देता येते, असे आढळले आहे. शिक्का बसलेल्यांना मग जास्त महागडी आणि जास्त व्यापक परिणाम करणारी औषधे दिली जातात. म्हणून "अ‍ॅलर्जी आहे" एवढेच न सांगता नेमके काय झाले होते ते सांगावे.

धोक्याची लक्षणे

गोळी किंवा इंजेक्शननंतर काही मिनिटांत ते एक-दोन तासांत पुढीलपैकी काही दिसले तर थांबू नका :

- श्वास घेताना त्रास, घरघर, आवाज बसणे
- जीभ किंवा घसा सुजणे, गिळता न येणे
- चक्कर, शुद्ध हरपणे, अंग थंड पडणे
- गांधींसोबत वारंवार उलट्या किंवा पोटात जोरदार कळा

ही 'अ‍ॅनाफिलॅक्सिस' असू शकते. यावर पहिले आणि मुख्य औषध म्हणजे मांडीच्या बाहेरील स्नायूत दिलेले अ‍ॅड्रेनालिनचे इंजेक्शन. अ‍ॅव्हिल, सेट्रिझिन किंवा स्टेरॉइड त्याची जागा घेऊ शकत नाहीत. १०८ वर फोन करा. रुग्णाला आडवे झोपवा, पाय थोडे उंच ठेवा. दम लागत असेल तर टेकून बसू द्या, पण अचानक उभे करू नका, चालवू नका. बरे वाटले तरी रुग्णालयात काही तास थांबावे लागते, कारण त्रास दुसऱ्यांदा उलटू शकतो.

दुसरा धोका सावकाश येतो. औषध सुरू केल्यापासून काही दिवस ते काही आठवड्यांत ताप, तोंडात किंवा डोळ्यांत फोड, त्वचा दुखणे, कातडी सुटणे असे दिसले तर पुढचा डोस घेण्याआधी, त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा. तिथे तज्ज्ञ आणि भरती होण्याची सोय हवी.

फक्त गांधी उठल्या असतील तर

संशय असलेली गोळी पुन्हा न घेता डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवा. डॉक्टर बहुधा सेट्रिझिनसारखी गोळी देतात. ती घेतल्यावर झोप येऊ शकते, त्यामुळे गाडी किंवा मशीन चालवणाऱ्यांनी जपावे. थंड पाण्याची पट्टी किंवा आमसुलाचे पाणी लावून खाज कमी वाटत असेल तर हरकत नाही, पण तेवढ्यावर समाधान मानू नये. टीबी किंवा फिट्सची औषधे मात्र मनाने बंद करू नका. उपचार केंद्राला लगेच कळवा, पर्याय तेच ठरवतील.

नाव विचारणे हा हक्क आहे

आम्हाला सर्वांत मोठी अडचण पुडीची वाटते. सुट्ट्या गोळ्या, नाव नाही, चिठ्ठी नाही. शिकलेला माणूस स्ट्रिप वाचतो, इंटरनेटवर शोधतो. रोजंदारीवर जाणाऱ्या बाईच्या हातात मात्र पुडी येते. आजारात असणारी ही विषमता कोणत्याही आकडेवारीत दिसत नाही. आपल्याला कोणते औषध दिले जात आहे हे जाणून घेणे रुग्णाचा हक्क आहे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ मध्ये तयार केलेल्या रुग्ण हक्क सनदेच्या मसुद्यातही माहितीचा हक्क अग्रभागी आहे.

ब्रँडच्या नावावरही विसंबून चालत नाही. ब्रूफेन आणि कॉम्बिफ्लॅम ही नावे वेगळी, पण दोन्हींत आयब्युप्रोफेन आहे. म्हणून स्ट्रिपवरचे मूळ औषधाचे नाव वाचावे.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

१. प्रत्येक घरात एक कार्ड ठेवायला सांगा. त्यावर औषधाचे मूळ नाव, तारीख, किती वेळाने काय झाले आणि कोणता उपचार केला हे लिहा. चट्ट्यांचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

२. पुडी मिळाली तर तिथेच गोळ्यांची नावे लिहून मागा. मेडिकलमधून घेताना नाव छापलेला भाग घ्या.

३. आरोग्य शिबिर भरवताना इंजेक्शन किंवा लस दिली जाणार असेल, तर अ‍ॅड्रेनालिन आणि ते देऊ शकणारा डॉक्टर जागेवर आहे का, हे आधी विचारा. इंजेक्शननंतर अर्धा तास बसायची सोय करा. टेस्ट डोसने त्रास झाला नाही म्हणजे धोका संपला, असे नसते.

४. दुष्परिणामाची तक्रार नोंदवा. भारतात २०१० पासून औषध सुरक्षा निरीक्षणाचा राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे. त्याचे समन्वय केंद्र गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमध्ये आहे. टोल फ्री क्रमांक १८००-१८०-३०२४. डॉक्टरच नव्हे, रुग्ण आणि नातेवाईकही कळवू शकतात.

त्या ताईंच्या पर्समध्ये आता घडी घातलेले एक कार्ड असते. तिसऱ्या वेळी ताप आला तेव्हा त्यांनी डॉक्टरांसमोर ते ठेवले आणि विचारले, "ही गोळी यातली तर नाही ना?" असा प्रश्न आपल्या वस्तीतील प्रत्येकाला विचारता यावा, एवढे काम आपण नक्कीच करू शकतो.