नखावरची धार आणि १८९० सालचा एक नकार

आमच्या आळीत एक म्हातारे नाभिक होते. लहानपणी त्यांच्यापुढं पाटावर बसायचो, तेव्हा माझं सगळं लक्ष त्यांच्या डाव्या हाताच्या अंगठ्याकडं असायचं. पथरीवर वस्तरा चार-सहा वेळा फिरवायचे, थांबायचे, अंगठ्याचं नख ओलं करायचे आणि धार त्या नखावरून अलगद ओढायचे. डोळे भलतीकडंच. जणू काही ऐकतायत. मग एकतर मान हलवून परत पथरीकडं, नाहीतर थेट कातडी पट्ट्यावर.

तेव्हा वाटायचं, ही त्यांची सवय असेल. पुढं कळलं की ती परीक्षा होती आणि जगभरचे नाभिक ती तशीच घ्यायचे.

तर आज जरा वस्तऱ्याच्या धारेबद्दल. शेवटी गोष्ट सार्वजनिकच आहे, म्हणून धीर धरून वाचा.

माणसाचा केस साधारण एक दशांश मिलिमीटर किंवा त्याहून बारीक. तो न ओढता, न दुखवता कापायचा तर वस्तऱ्याची कड मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून बारीक लागते. ती डोळ्यांना दिसत नाही. मग लागली की नाही हे ओळखायचं कसं? स्पर्शानं.

नखाची परीक्षा अशी: वस्तरा दाबायचा नाही, त्याच्या स्वतःच्या वजनावर ओल्या नखावरून टाचेकडून टोकाकडं ओढायचा. नुसता घसरत गेला तर धार बोथट. खरखर लागली तर कड अजून जाडीभरडी, पथरीवर आणखी काम हवं. मध्येच टक् करून अडखळला तर तिथं खाच आहे. कर्कश चिकटून बसला तर दगडावर जास्त घासला गेलाय, कडेला तारेसारखा कच्चा पापुद्रा आलाय. आणि लोण्यातून गेल्यासारखा, पण एकसारखी पकड घेत गेला, तर जमलं. पट्ट्यावर फिरवून झाल्यावर मात्र ही परीक्षा घ्यायची नाही, कारण नखानंच धार जाते.

दुसरी परीक्षा अंगठ्याच्या पेराची. पेर धारेला आडवं, अगदी हलकं लावायचं. धारेच्या लांबीनं कधीच नाही, नाहीतर बोट गेलंच. चांगली धार कातडीला जराशी धरते. तिसरी केसाची: मनगटावरचे केस कातडीला न टेकता, वरच्यावर तुटले पाहिजेत. आणि शेवटची परीक्षा गिऱ्हाइकाच्या गालावर. तिथं नापास झालं तर रक्तच.

आता बघा, अमेरिकेत शिकागोला १८९३ साली ए. बी. मोलर यांनी नाभिकांसाठी शाळा काढली. तिकडच्या नाभिकांच्या क्रमिक पुस्तकांत ही नखाची परीक्षा नीट लिहून ठेवलेली सापडते: बोथट धार अशी लागते, भरड अशी, जास्त घासलेली अशी. हातातली विद्या पुस्तकात गेली, तिला वर्ग मिळाला, प्रमाणपत्र मिळालं.

आपल्याकडं तीच विद्या धोकटीत राहिली. बापाकडून मुलाकडं. बलुत्याच्या धान्यावर. गावाला वस्तरा हवा होता, पण वस्तरेवाल्याला मान द्यायची तयारी नव्हती. ज्याच्या हातात आपण डोळे मिटून आपला गळा देतो, त्याला पंगतीत कुठं बसवायचं ते मात्र गाव ठरवणार! आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, वस्तरा कुणावर चालवायचा तेही गावच ठरवणार.

इथंच १८९० साल येतं.

तेव्हा वरच्या म्हणवणाऱ्या जातींत, विशेषतः ब्राह्मण घरांत, नवरा वारला की बाईचं केशवपन करत. त्यात दहा-बारा वर्षांच्या मुलीही असत. एकदा करून भागत नसे. केस वाढले की पुन्हा नाभिकाला बोलावणं. बाई रडतेय, घरचे मागं उभे आणि वस्तरा कुणाच्या हातात? नाभिकाच्या. प्रथा लादणारे वेगळे, पण त्या मुलीला आयुष्यभर दिसणार तो नाभिकाचाच हात.

याविरुद्ध बोलणारे होते. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये पुण्यात विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. १८८९ मध्ये पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन सुरू केलं. पण नारायण मेघाजी लोखंडे यांनी वेगळाच विचार केला. हे सत्यशोधक, 'दीनबंधु'चे संपादक, १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी करणारे. संपाची ताकद त्यांना पक्की ठाऊक. ज्याच्या हातानं काम होतं, त्याचा हात थांबला की काम थांबतं, हे गिरणीतलं शहाणपण त्यांनी केशवपनाला लावलं.

१८९० साली मुंबईत नाभिकांची सभा भरली. शेकडो लोक जमले. ठरलं असं की विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवायचा नाही. ही गोष्ट वाटते तेवढी सोपी नव्हती. हातावर पोट असलेल्या माणसानं मिळकत सोडायची आणि वर वजनदार घरांचा रोष घ्यायचा. जोतीराव त्याच वर्षी नोव्हेंबरात गेले. त्याआधी त्यांच्याच विचाराच्या माणसानं हे घडवलं होतं.

एका सभेनं प्रथा संपली नाही हे खरं. पुढं कित्येक दशकं आलवणातल्या बायका घराघरांत होत्या. पण एक गोष्ट त्या दिवशी बदलली. "आम्ही काय, सांगितलं ते करणारे" असं म्हणायची सोय हातात वस्तरा धरणाऱ्यांनी स्वतःहून सोडली.

आता याच वस्तऱ्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. नाहीतर हा नुसता गौरवलेख होईल.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत साताऱ्यातलं बालपण लिहिलंय. घरातल्या भावांचे केस थोरली बहीण कापायची. गावात नाभिक नव्हते असं नाही, पैसे नव्हते असंही नाही. अस्पृश्याचे केस कापायला कुणी तयार नव्हतं, एवढंच कारण.

म्हणजे नकार दोन प्रकारचे. एक नकार माणसाला वाचवणारा, एक माणसाला तोडणारा. पहिल्यात नाभिक गावाच्या विरुद्ध उभा राहिला, दुसऱ्यात गावाच्या बाजूनं. वस्तरा तोच. म्हणून इतिहास वाचताना अमक्या जातीनं काय केलं एवढंच विचारून चालत नाही. त्या वेळी माणूस कुणाच्या बाजूनं उभा होता, हे विचारावं लागतं.

पुढची कथा थोडक्यात. जिलेटचा बदलत्या पात्याचा रेझर १९०३ मध्ये बाजारात आला. पहिल्या वर्षी विकले गेले फक्त ५१ रेझर आणि १६८ पाती. नंतर जग बदललं, आणि लोक घरीच दाढी करू लागले. आपल्याकडं १९८६ मध्ये एचआयव्हीचे पहिले रुग्ण सापडले आणि मग सलूनमध्ये अर्धं पातं अडकवायचा वस्तरा सगळीकडं आला. दर गिऱ्हाइकाला नवं पातं. हे चांगलंच झालं, त्यात वाद नाही. आरोग्यापुढं आठवणींचं कौतुक नको.

पण पथरी गेली, पट्टा गेला आणि नखावर धार ऐकणारा तो अंगठाही गेला. आपल्याकडं ती विद्या लिहून घ्यायचं फारसं कुणाला सुचलं नाही, कारण तिला विद्या म्हणायचीच आपली तयारी नव्हती.

तुमच्या गावात अजून कुणी म्हातारे नाभिक काका असतील तर एकदा त्यांच्याजवळ बसा. धार कशी बघायचे ते विचारा, जमलं तर व्हिडिओ करून ठेवा. आणि एक प्रश्न आठवणीनं विचारा: "काका, कधी कुणावर वस्तरा चालवायला नाही म्हणालात का?"

उत्तर कमेंटमध्ये नक्की लिहा. कुठल्याही प्रकारचा नकार असो, लपवू नका.