दृष्टी आणि दर्शन

पंढरपुरात ‘दर्शन’ हा शब्द एकटा पुरत नाही. मुखदर्शन की पदस्पर्शदर्शन, हे आधी विचारले जाते; म्हणजे कोठून आणि किती जवळून पाहायचे, याचा निर्णय पाहण्याच्या आधीच होतो. मानवी शरीराच्या संगणकीय प्रतिमांचा इतिहास चाळताना हा भेद आम्हांला वारंवार आठवला.

राँटगेन यांनी १८९५ साली क्ष-किरण शोधले आणि शरीर न उघडता आत डोकावता येऊ लागले. पण त्या छायाचित्रात खोली नव्हती. पुढची बरगडी आणि मागची बरगडी एकाच प्रतलावर येऊन पडत. ही अडचण दूर केली गॉडफ्री हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या अ‍ॅटकिन्सन मोर्ले रुग्णालयात एका रुग्णाच्या मेंदूचा सीटी छेद प्रथम घेतला गेला. प्रतिमा अवघी ८० गुणिले ८० चौकटींची. महत्त्वाचे हे की त्या चौकटींत मुळात चित्र नव्हतेच, संख्या होत्या. पुढे रूढ झालेल्या मापात पाणी म्हणजे शून्य, हवा म्हणजे उणे १०००, आणि हाडे शेकड्यांनी वर.

असे छेद पोथीच्या पानांसारखे एकावर एक रचले की संख्यांचा एक ठोकळा तयार होतो. तो दाखवायचा कसा? १९८७ साली लॉरेन्सन आणि क्लाइन यांनी त्या ठोकळ्यातून विशिष्ट संख्येचा पृष्ठभाग त्रिकोणांनी विणून काढण्याची रीत मांडली. मार्क लेव्हॉय यांच्या १९८८च्या रीतीत मात्र पृष्ठभाग शोधण्याची गरजच उरली नाही. प्रत्येक कणाला रंग आणि पारदर्शकता द्यायची आणि नजरेचा किरण आरपार जाऊ द्यायचा. कोणती संख्या पारदर्शक आणि कोणती अपारदर्शक, हे मात्र कोणीतरी ठरवावे लागते. संहितेच्या अभ्यासकाला ही जागा ओळखीची वाटावी. पाठभेदांतून एक पाठ वर आणणारा संपादक याहून वेगळे काय करतो?

या इतिहासात एक मराठी नाव आहे, आणि ते आपल्याकडे फारसे घेतले जात नाही याचे आम्हांला नवल वाटते. पुणे विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात श्रीधर गद्रे यांच्याबरोबर अजय लिमये यांनी ‘युनिव्हिस-२०००’ ही रेणूंच्या दृश्यांकनाची प्रणाली घडवली. तिचा शोधनिबंध २००१ साली ‘करंट सायन्स’मध्ये आला. पुढे कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत लिमये यांनी सीटीसारख्या आकडेराशी न्याहाळण्यासाठी संगणकप्रणाली लिहिली आणि तिला नाव दिले ‘दृष्टी’. ती मुक्त आहे, विनामूल्य आहे. पडद्यावरच्या आलेखात हाताने एक प्रदेश आखायचा, की त्वचा विरते आणि कवटी उरते. आखणी थोडी सरकवली की कवटीही विरते. गोगो येथील सुमारे ३८ कोटी वर्षांपूर्वीचे मासे दगडात असतानाच अभ्यासकांनी असे पाहिले. ‘दर्शन’ न म्हणता ‘दृष्टी’ म्हणणे आम्हांला नेमके वाटते. दर्शन मिळते, दृष्टी पाहणाऱ्याने बरोबर आणायची असते.

आणि ती चुकू शकते. डोळ्याच्या खोबणीच्या भिंती कागदासारख्या पातळ असतात. त्या पातळपणामुळे सीटीमध्ये त्यांची संख्या हाडाच्या नेहमीच्या संख्येहून कमी भरते. उंबरठा थोडा वर ठेवला, तर त्रिमितीय चित्रात तेथे भोक दिसते. रुग्णाच्या चेहऱ्यात ते नसते. उलट पृष्ठभाग गुळगुळीत करण्याच्या नादात बारीक भेग बुजून जाते. चित्र जितके देखणे, तितका ते पाहणाऱ्याचा संशय कमी. येथे प्रश्न सौंदर्यशास्त्राचा राहत नाही, कारण त्या चित्रावरून कोणाच्या तरी चेहऱ्यावर शस्त्र चालणार असते.

म्हणूनच जाणते क्ष-किरणतज्ज्ञ फिरवता येणारी ती रंगीत कवटी पाहून झाल्यावर पुन्हा मूळच्या सपाट, करड्या छेदांकडे वळतात, आणि एकेक पान उलटत खाली सरकतात.